हाक आणि ओ : दूरच्या यंत्राची चौकशी

हुगळीच्या पात्रावर धुके उतरले की पलीकडचा तीर दिसेनासा होतो. अशा वेळी नावाडी दोन्ही हात तोंडाशी धरून पलीकडच्या सोबत्याला हाक घालतो. पलीकडून 'ओ' आली, म्हणजे त्याला एकदम तीन गोष्टी समजतात. सोबती जागेवर आहे, तो जागा आहे आणि मधल्या अंतरातून आवाज दोन्ही दिशांनी जाऊ शकतो. सोबत्याने तत्काळ ओ दिली असेल, तर हाक आणि ओ यांच्यामध्ये गेलेल्या वेळावरून पात्राची रुंदीही ढोबळमानाने अजमावता येते.

परंतु ओ आलीच नाही तर? सोबती झोपला असेल, दुसरीकडे गेला असेल किंवा वारा उलटा असल्याने हाक त्याच्यापर्यंत पोचली नसेल. कदाचित त्याने ओ दिलीही असेल आणि तीच वाटेत हरवली असेल. नुसत्या शांततेवरून यांपैकी खरे कारण कोणते, हे सांगता येत नाही.

संगणकांच्या जाळ्यात दूरचे यंत्र चालू आहे की नाही हे पाहण्याचे जे सर्वांत साधे साधन आहे, त्याचे तत्त्व नेमके हेच आहे. त्या साधनाचे नाव 'पिंग'. त्याचे कार्य कसे चालते आणि त्याच्या उत्तरावरून कोणते अनुमान काढावे व कोणते काढू नये, याचा विचार या पाठात केला आहे.

तारायंत्राच्या काळातील हाक

दूरच्या टोकाला विजेच्या साहाय्याने हाक घालण्याचा भारतातील पहिला प्रयोग कोलकात्यातच झाला. कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी १८३९ साली शहरानजीकच्या वनस्पती उद्यानात कित्येक मैल लांबीची तार ताणून तीमधून संकेत पाठविले. संकेत वाचण्याची सोयीस्कर उपकरणे तेव्हा त्यांच्याजवळ नव्हती. म्हणून तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला मनुष्य आपल्या बोटाला बसणाऱ्या विजेच्या सौम्य धक्क्यांवरून संकेत ओळखत असे. पुढे १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गावर तारेचे काम सुरू झाले. त्या कामात शिबचंद्र नंदी या बंगाली साहाय्यकाने मोठा वाटा उचलला. १८५४ साली कलकत्ता आणि आग्रा यांच्यामध्ये संदेश जाऊ लागले, आणि १८५५ साली ही सेवा सर्वसामान्य जनतेला खुली झाली. भारतातील ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद करण्यात आली.

शेकडो मैलांच्या तारेवर कोठेतरी बिघाड झाल्यास सारी तार तपासत जाणे परवडणारे नसते. तेथे उपयोगी पडणारी युक्ती सोपी आहे. जवळच्या ठाण्याला आधी हाक घालावी, मग त्यापुढच्या ठाण्याला, मग त्याच्याही पुढच्या. जे ठाणे शेवटचे उत्तर देते आणि जे प्रथम गप्प राहते, त्या दोहोंच्या मध्ये दोष असला पाहिजे. ही विचारसरणी पुढे संगणकजाळ्यालाही जशीच्या तशी लागू पडली.

तथापि प्रारंभीच्या संगणकांना अशा हाकेची गरजच नव्हती. बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास एचईसी-२एम हा अंकीय संगणक बसविण्यात आला. तो एकटाच उभा होता. तो चालू आहे किंवा नाही हे पाहण्यास त्याच्या खोलीत जाणे पुरेसे होते. यंत्रे परस्परांना जोडली गेली, त्यांच्यामध्ये नगरे व समुद्र आले, तेव्हा हाक घालण्याची आवश्यकता उत्पन्न झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसाधारण ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा मुंबई, दिल्ली व मद्रास यांच्याबरोबर कलकत्ता हेही त्या सेवेचे आरंभीचे एक केंद्र होते.

पिंगचा जन्म

जाळ्यातील प्रत्येक यंत्राने 'प्रतिध्वनी मागणाऱ्या' संदेशाला उत्तर द्यावे, असा नियम जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकात आहे. नियम होता, परंतु त्याचा सोयीने उपयोग करून देणारी आज्ञावली नव्हती. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात, लष्कराच्या प्राक्षेपिकी प्रयोगशाळेत काम करणारे माइक मूस यांना डिसेंबर १९८३ मध्ये आपल्या जाळ्यात काही विचित्र बिघाड आढळला. तो शोधण्यासाठी त्यांनी एका संध्याकाळीच ही आज्ञावली लिहून काढली. पाणबुडीचा शोध घेणारे यंत्र पाण्यात ध्वनीचा एक ठोका सोडते आणि तो आदळून परत येण्याची वाट पाहते. त्या ठोक्याच्या आवाजावरून मूस यांनी आपल्या आज्ञावलीला 'पिंग' हे नाव दिले.

मूस यांनी ऐकलेली एक हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. एका जाळ्याच्या व्यवस्थापकाला मधूनमधून तुटणारा सांधा सापडत नव्हता. त्याने प्रत्येक उत्तरासरशी संगणक मोठ्याने 'पिंग' असे उच्चारील अशी व्यवस्था केली आणि तो इमारतीत हिंडून एकेक सांधा हलवून पाहू लागला. ज्या सांध्यापाशी आवाज थांबला, तोच सदोष होता.

कार्यपद्धती

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो. प्रचलित पद्धतीतील एका प्रकारात या पत्त्यात चार संख्या असतात, आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. घरगुती अथवा शालेय जाळ्यात १९२.१६८.१.१ यांसारखे पत्ते नेहमी दिसतात. संगणकाच्या आज्ञापटलावर रोमी लिपीत 'पिंग' हा शब्द आणि त्यापुढे असा पत्ता टंकित केला की पुढील क्रिया घडतात.

हाक घालणारे यंत्र माहितीचे एक लहानसे पुडके तयार करते. त्यावर 'प्रतिध्वनीची मागणी' असा अर्थ असलेला ८ हा प्रकारांक, एक अनुक्रमांक आणि थोडी निरर्थक माहिती असते. पुडके पाठविताना यंत्र आपल्या घड्याळात वेळ टिपून ठेवते. पुडके ज्याच्याकडे पोचते, ते यंत्र आतील माहितीला हात न लावता प्रकारांक तेवढा ० करून, म्हणजेच 'प्रतिध्वनीचे उत्तर' असा शिक्का मारून, ते परत पाठविते. उत्तर आले की पहिले यंत्र पुन्हा वेळ पाहते आणि दोहोंतील अंतर पडद्यावर दाखविते. जाण्याची व येण्याची दोन्ही वेळ एकाच घड्याळाने मोजलेली असल्यामुळे दोन यंत्रांची घड्याळे जुळलेली असण्याची मुळीच गरज पडत नाही. अनुक्रमांकामुळे कोणते पुडके वाटेत हरवले, हेही कळते.

पुडक्यावर आणखी एक संख्या असते, ती त्याच्या आयुर्मर्यादेची. वाटेतील प्रत्येक मार्गदर्शक यंत्र, म्हणजे राउटर, ही संख्या एकाने कमी करते. संख्या शून्य झाली की पुडके टाकून दिले जाते. त्यामुळे चुकीच्या वाटेने फिरणारी पुडकी जाळ्यात अनंत काळ घोटाळत राहत नाहीत. उत्तराच्या पुडक्याचा आरंभ ६४ या संख्येने झाला असेल आणि पडद्यावर ५७ दिसत असेल, तर परतीच्या वाटेवर त्याने सात राउटर ओलांडले असा अर्थ होतो.

वेळावरून काय कळते?

काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर वेगाने जातो. कोलकाता व मुंबई यांच्यातील सरळ अंतर सुमारे १,६५० किलोमीटर आहे. म्हणून जाऊन येण्यास ३,३०० किलोमीटरांचा प्रवास, आणि त्याला लागणारा काळ सुमारे १६.५ सहस्रांश सेकंद होय. प्रत्यक्ष तंतू सरळ रेषेत घातलेला नसतो, आणि वाटेतील राउटरही थोडा वेळ घेतात. त्यामुळे खरा काळ याहून अधिकच येतो. कोणतीही यंत्रसामग्री बसविली तरी काचतंतूच्या या मार्गाने तो याहून कमी करता येणार नाही.

हाच संदेश भूस्थिर उपग्रहामार्फत पाठविला, तर त्याला सुमारे ३६,००० किलोमीटर वर आणि तेवढेच खाली यावे लागते. जाण्यायेण्याचा हिशोब १,४४,००० किलोमीटर होतो आणि सुमारे अर्धा सेकंद खर्ची पडतो. पिंगच्या उत्तरातील काळ पाहून संदेश जमिनीवरील तंतूने गेला की आकाशमार्गे, याचा तर्क करता येतो तो यामुळेच.

काळ एकसारखा येत असेल तर मार्ग निरोगी समजावा. तो एकाएकी वाढत-घटत असेल, तर मार्गावर गर्दी असण्याचा संभव असतो. बिनतारी जोडणीत दुर्बळ संकेतामुळेही असे घडते.

मौनाचा अर्थ

येथे सावधगिरी हवी. उत्तर आले नाही म्हणजे यंत्र बंद आहे, असे म्हणणे चूक ठरेल. पुष्कळ संगणकांवर संरक्षक भिंतीसारखे काम करणारी आज्ञावली असते व ती अनोळखी हाकेला उत्तर देण्यास मनाई करते. असे यंत्र जागे असूनही गप्प राहते. वीज वाचविण्यासाठी निद्रिस्त झालेला दूरध्वनीसंचही कधी उत्तर देतो, कधी देत नाही.

उलटपक्षी, उत्तर आले म्हणजे सर्व काही ठीक आहे, असेही नाही. हाकेला ओ देण्याचे काम यंत्राची मूलभूत व्यवस्था करते. त्याच यंत्रावरील ग्रंथसूचीची आज्ञावली बंद पडलेली असू शकते. दुकानाचा दिवा लागलेला दिसला, एवढ्यावरून दुकानदार माल देईलच असे ठरत नाही.

म्हणून सुज्ञ व्यवस्थापक चांगल्या दिवसांतच एक वही करून ठेवतो. कोणते यंत्र हाकेला ओ देते, कोणते देत नाही आणि नेहमी किती वेळ लागतो, याची तीत नोंद असते. जो नेहमी ओ देतो त्याचेच मौन काही सांगते. जो कधीच देत नाही, त्याच्या मौनाला अर्थ नसतो.

दोष शोधण्याचा क्रम

एका शाळेच्या वाचनालयातील ग्रंथसूची सकाळी उघडत नाही, असे समजा. तपासणी पुढील क्रमाने करावी.

पहिली हाक स्वतःलाच घालावी. त्यासाठी १२७.०.०.१ हा पत्ता राखून ठेवलेला आहे. हे पुडके यंत्राबाहेर जातच नाही. म्हणून तार काढून ठेवली तरी उत्तर येते, आणि न आल्यास दोष आपल्याच संगणकाच्या व्यवस्थेत आहे. दुसरी हाक खोलीतील राउटरला घालावी. येथे मौन आढळल्यास तार, तिचे टोक व वीजपुरवठा पाहावा. तिसरी हाक ग्रंथसूचीच्या संगणकाला घालावी. सूची बाहेरच्या ठिकाणी असल्यास बाहेरच्या एखाद्या ज्ञात पत्त्याला आधी अंकांनी व मग नावाने हाक घालावी. अंकांना उत्तर मिळते आणि नावाला मिळत नाही, असे झाल्यास मार्ग शाबूत असून नावाचा पत्ता शोधून देणारी सेवा तेवढी बिघडली आहे, असे समजावे.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्यास कोणतीने गुण आला, हे कळत नाही. तसेच दुसऱ्यांच्या यंत्रांवर हाकांचा भडिमार करू नये. असंख्य हाका घालून यंत्र हैराण करता येते, आणि तो अपराध ठरू शकतो.

वादळातील धडा

२० मे २०२० रोजी अम्फान हे चक्रीवादळ पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आदळले. कोलकात्यात हजारो वृक्ष उन्मळून पडले, विजेच्या तारा तुटल्या, आणि अनेक भागांत वीज, दूरध्वनी व इंटरनेट या सेवा कित्येक दिवस खंडित राहिल्या. दूर गावी असलेल्या नातलगांनी हाका घातल्या, परंतु पुष्कळांना उत्तर मिळाले नाही. वीज गेल्यावर दूरध्वनीचे मनोरे काही काळ विद्युत्घटांवर चालतात. ते रिकामे झाले की मनोरे गप्प होतात. अशा वेळी घर सुरक्षित असते, माणसेही सुखरूप असतात, आणि तुटलेली असते ती केवळ वाट.

शास्त्रीय दृष्टीचे महत्त्व अशा प्रसंगी दिसून येते. मौन ऐकून तत्काळ अनर्थाचे अनुमान काढणे जितके अयोग्य, तितकेच 'काही नाही, जाळे बिघडले असेल' म्हणून स्वस्थ बसणे अयोग्य. जवळच्या ठिकाणाला हाक घालावी, मग त्यापुढच्या. वाट कोठपर्यंत शाबूत आहे हे निश्चित करावे, आणि जेथे हाक पोचत नाही तेथे मनुष्याला प्रत्यक्ष पाठवावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दोन यंत्रांची घड्याळे जुळलेली नसतानाही पिंगने मोजलेला काळ बरोबर कसा येतो?

२. दोन नगरांमधील काचतंतूची लांबी १,००० किलोमीटर आहे. जाऊन येण्यास कमीत कमी किती वेळ लागेल?

३. राउटर उत्तर देतो, परंतु शेजारचा संगणक उत्तर देत नाही. संभाव्य कारणे सांगा, आणि प्रत्येक कारण कसे पडताळून पाहाल ते लिहा.

४. १२७.०.०.१ या पत्त्याकडून उत्तर आले, एवढ्यावरून जाळ्याची तार ठीक आहे असे म्हणता येईल काय? कारण द्या.