वाहनाची समोरची काच : सांधावी की बदलावी?

उन्हाळ्याच्या दिवसांत ग्रामीण भागातील रस्त्यांची कामे जोरात चालू असतात. डांबर नीट बसलेले नसते, खडी मोकळी पडलेली असते, आणि पुढे धावणाऱ्या ट्रकच्या जोडचाकांत अडकलेला एखादा खडा सुटून मागच्या वाहनाच्या समोरील काचेवर आदळतो. चालक दचकतो, काचेवरून बोट फिरवतो, टवका तुरीच्या दाण्याएवढाच उडाला आहे असे पाहून निर्धास्त होतो व गाडी पुढे काढतो. पंचायत समितीची जीप असो, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो, शाळेची बस असो वा घरची मोटार असो, हा प्रसंग बहुतेकांच्या परिचयाचा आहे. त्यानंतर पुढे काय करावे, याविषयी मात्र पुरेशी माहिती नसल्याचे आढळून येते. कोणी काहीच करीत नाही, तर कोणी गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने चांगली काच काढून नवी बसवतो. या दोन टोकांच्या मध्ये दुरुस्तीचा एक मार्ग आहे. तो कोठे योग्य व कोठे अयोग्य, हे ठरविण्यासाठी प्रथम काचेची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

काचेचे दोन प्रकार

मोटारीत सामान्यतः दोन प्रकारच्या सुरक्षा काचा असतात. बाजूच्या खिडक्यांना व बहुधा मागे बसविलेली काच 'टफन्ड' असते. ती तापवून एकदम थंड केलेली असल्याने कठीण होते. फुटली तर तिचा खडीसाखरेसारखा चुरा होतो. तिची दुरुस्ती संभवत नाही, ती बदलावीच लागते. समोरची काच मात्र 'लॅमिनेटेड' असते. काचेचे दोन पातळ थर व त्यांच्यामध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा, अशी ही रचना आहे. या पडद्याची जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर असते. दगड लागला तर बाहेरचा थर फुटतो; तुकडे मात्र पडद्याला चिकटून राहतात, चालकाच्या डोळ्यांत जात नाहीत. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू खाली पडला. त्याला तडे गेले, पण तो विखुरला नाही, कारण आत पूर्वी ठेवलेल्या द्रावणाचा पातळ थर सुकून राहिला होता. या निरीक्षणातून अशा काचेची कल्पना पुढे आली व १९०९ मध्ये त्याने तिचे एकस्व घेतले.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० या विषयाशी संबंधित आहे. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे, अशी त्यात तरतूद आहे. समोरची काच लॅमिनेटेड असण्याची सक्ती नव्वदीच्या दशकातील दुरुस्त्यांनी आली. त्यापूर्वीच्या काही वाहनांत समोरही टफन्ड काच असे. तिला खडा लागला की क्षणात सगळी काच पांढरी होऊन चालकाला समोरचे काहीच दिसत नसे. जुने चालक ही आठवण अजून सांगतात.

लहान टवका मोठा का होतो?

काचेचा टवका आहे तसाच राहत नाही, हे बहुतेकांना पटत नाही. कारण तो दिवसेंदिवस तसाच दिसतो आणि मग एका सकाळी हातभर तडा गेलेला आढळतो. काच दाब सहन करते, पण ताण सहन करीत नाही. जेथे चीर असते तेथे तिच्या टोकाशी ताण एकवटतो. चीर जसजशी लांबते, तसतसा ती पुढे सरकण्यास लागणारा ताण कमी होत जातो. ढोबळ हिशेबाने चीर चौपट लांब झाली की निम्म्या ताणातच ती पुढे जाते. म्हणजे आरंभी संथ असलेला तडा नंतर एकाएकी धावतो.

हा ताण पुरविण्यास आपले हवामान पुरेसे समर्थ आहे. विदर्भात वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गाडीची काच हात लावता येणार नाही इतकी तापते. अशा वेळी आत बसून वातानुकूलन यंत्राचा गार झोत सरळ काचेवर सोडला, किंवा धूळ धुण्यासाठी बाहेरून बादलीभर पाणी ओतले, तर एक बाजू आकसते व दुसरी प्रसरण पावलेलीच राहते. पावसाळ्यात दुसरे कारण येऊन मिळते. चिरेत शिरलेले पाणी तिच्या टोकाशी काचेचे बंध सैल करते, त्यामुळे कमी ताणातही चीर हळूहळू वाढत राहते. खड्ड्यांचे धक्के व जोराने लावलेला दरवाजा यांचीही त्यात भर पडते.

एका तालुक्याच्या ठिकाणी प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रकार येथे नमूद करणे उचित होईल. कार्यालयाच्या जीपच्या काचेला फाल्गुनात टवका उडाला. चालकाने लॉगबुकात त्याची नोंद केली. दरपत्रके मागविण्यात आली, एक कमी पडले म्हणून फाईल परत आली, मग मार्चअखेरची धावपळ, मग नव्या वर्षाचे अनुदान येण्याची प्रतीक्षा. मंजुरी मिळाली तेव्हा ज्येष्ठ उजाडला होता व तडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचला होता. मंजुरी दुरुस्तीची होती, गरज मात्र नव्या काचेची निर्माण झाली होती. सबब प्रकरण पुन्हा नव्याने सुरू झाले. दरम्यान ती जीप पावसाळ्यात रात्री-अपरात्री पूरग्रस्त गावांना जात होती. यात कोणाचीच लबाडी नव्हती. पण टवका पडल्यापासूनचा प्रत्येक आठवडा महाग पडतो, हे त्या फाईलवर कोणी लिहिले नव्हते.

दुरुस्ती कोठे चालेल?

निर्णय घेताना पाहावयाच्या गोष्टी चार आहेत : नुकसान किती मोठे आहे, ते कोठे आहे, किती खोल आहे आणि किती जुने आहे. यांपैकी आकाराचाच विचार बहुधा केला जातो. वस्तुतः जागेला त्याहून अधिक महत्त्व द्यावयास हवे.

ब्रिटनमधील वार्षिक वाहन तपासणीचा दंडक यासंबंधी उपयुक्त आहे. स्टिअरिंग चाकाच्या मध्यरेषेवर २९० मिलिमीटर रुंदीचा एक उभा पट्टा कल्पावयाचा. चालकाची दृष्टी मुख्यतः त्यातूनच जाते. वायपर फिरतो त्या भागातील या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठे नुकसान असले, किंवा वायपरच्या उरलेल्या क्षेत्रात ४० मिलिमीटरपेक्षा मोठे असले, तर वाहन नापास होते. हा दंडक आपल्याकडे बंधनकारक नाही. पण पट्टी घेऊन मोजता येते आणि वादाला जागा राहत नाही, म्हणून वाहनांची जबाबदारी असलेल्यांनी तो जवळ ठेवावा. टवका सुमारे २५ मिलिमीटरच्या, म्हणजे एका नाण्याएवढ्या आकाराच्या आत असेल, तर तो सांधण्यास चांगला समजला जातो. चालकाच्या दृष्टीच्या पट्ट्यात मात्र अधिक कडक राहिले पाहिजे. कारण उत्तम दुरुस्तीनंतरही तेथे एक पुसट डाग राहतो. दिवसा तो जाणवत नाही. पण रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यावर फुटून चांदणी पडल्यासारखी दिसते, आणि त्या चांदणीआड सायकलस्वार किंवा बैलगाडी झाकली जाऊ शकते.

कडेचे नुकसान सर्वांत फसवे असते. काचेच्या कडेपासून सुमारे दोन इंचांच्या आतील टवका लहान असला तरी तो वाढण्याचा संभव फार, कारण चौकटीचा ताण तेथेच असतो. तडा कडेला जाऊन भिडला असेल तर काच बदलावी, असेच मत द्यावे लागते. त्याचप्रमाणे आतल्या बाजूने बोट फिरवले असता खरखरीत लागत असेल, तर दोन्ही थर फुटले आहेत असे समजावे. तेथे दुरुस्तीचा प्रश्न उरत नाही. मधल्या पडद्याला इजा झाली असेल किंवा कडेने पांढुरके फुगे दिसू लागले असतील, तर तीच गोष्ट. अनेक जागी टवके असलेली, वर्षानुवर्षे वायपरच्या घर्षणाने ओरखडे पडून मंद झालेली काच तर सांधण्याच्या भानगडीत न पडता काढून टाकणेच श्रेयस्कर.

दुरुस्तीत काय केले जाते?

दुरुस्ती म्हणजे वरून काहीतरी फासणे नव्हे. प्रथम टवक्यातील धूळ व ओल काढतात, मग त्यावर छोटे उपकरण बसवून आतील हवा खेचून घेतात व त्या पोकळीत दाबाने पातळ रेझिन भरतात. या रेझिनचे प्रकाश वळविण्याचे प्रमाण काचेच्या जवळपास असते. म्हणून हवेची चकाकणारी फट नाहीशी झाल्यासारखी दिसते. नंतर अतिनील किरणांच्या दिव्याने ते काही मिनिटांत घट्ट करतात व वरचा भाग घासून सपाट करतात. सूर्यप्रकाशातही हे किरण असल्याने काम सावलीत करावयाचे असते; भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून कोणी ते करीत असेल तर रेझिन आत पोचण्यापूर्वीच घट्ट होण्याचा धोका राहतो. दुरुस्तीचा खरा हेतू तडा थांबविणे हा आहे, डाग अदृश्य करणे हा नव्हे.

खेड्यांतून यावर घरगुती उपायही चालतात. नखांचे पॉलिश, झटपट चिकटणारा गोंद, क्वचित टूथपेस्टसुद्धा. चालकांच्या कल्पकतेचे कौतुक करूनही सांगावेसे वाटते की, यांपैकी काहीही टवक्यात गेले की खरे रेझिन आत शिरण्याचा मार्ग बंद होतो आणि सांधता आली असती ती काच बदलण्याच्या यादीत जाते. टवका उडाल्याबरोबर त्यावर स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टी लावावी, गाडी सावलीत उभी करावी आणि शक्य तितक्या लवकर जाणत्या कारागिराकडे न्यावी. धूळ आणि पाणी आत जाऊ न देणे, एवढेच मालकाच्या हाती असते.

नवी काच बसविताना

जुन्या जीप व ट्रॅक्टर यांची काच रबराच्या बीडिंगमध्ये बसविलेली असते. ती बदलणे सोपे. आजच्या मोटारींत ती पॉलियुरेथेन या चिकटद्रव्याने चौकटीला जोडलेली असते व गाडीच्या सांगाड्याच्या मजबुतीत तिचा वाटा असतो. पुढील आसनावरील प्रवाशासाठी असलेली हवेची पिशवी अनेक गाड्यांत काचेचाच आधार घेऊन फुगते. काच नीट चिकटलेली नसेल, तर ऐन अपघातात ती निखळून बाहेर जाईल. म्हणून स्वस्त बसवून देतो म्हणणाऱ्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. काचेच्या कोपऱ्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे काय? आणि चौकटीवरील जुना गंज खरवडून प्राइमर लावणार काय? कोकणच्या खाऱ्या हवेत हा दुसरा प्रश्न फारच महत्त्वाचा. गंजावर लावलेले चिकटद्रव्य गंजाबरोबरच सुटते. आरशामागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, अन्यथा गाडीची धोक्याची सूचना चुकीच्या वेळी मिळू शकते. टोलचा फास्टॅग काढताना फाटून निकामी होतो, तेव्हा नव्या टॅगसाठी बँकेकडे आधीच कळवून ठेवावे.

खर्चाचा हिशेब

सांधण्याचा खर्च नव्या काचेच्या खर्चाचा लहानसा हिस्सा असतो. खासगी मोटारीच्या सर्वंकष विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, ही गोष्ट मालकांना सुखावह वाटते. परंतु दाव्यातील पहिली ठरावीक रक्कम, सामान्यतः १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीस १,००० रुपये व त्यावरील मोटारीस २,००० रुपये, मालकानेच सोसावयाची असते. शिवाय दावा केला की 'नो क्लेम बोनस' जातो. हा बोनस दावा नसलेल्या वर्षांनुसार २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के असा चढतो. समजा, ज्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा बोनसपूर्व हप्ता ८,००० रुपये आहे व बोनस ५० टक्क्यांवर पोचला आहे, अशा गृहस्थाने काचेसाठी दावा केला. हप्ता तोच राहिला असे धरल्यास, पुन्हा ५० टक्क्यांवर पोचेपर्यंत त्याला ४,०००, २,४००, २,०००, १,२०० व ४०० असे एकूण १०,००० रुपये अधिक भरावे लागतील. नवी काच यापेक्षा कमी किमतीत येत असेल, तर दावा करण्यात त्याचा तोटाच आहे. बोनस सुरक्षित ठेवणारी जोड-तरतूद पॉलिसीत असल्यास हिशेब बदलतो. ती आहे की नाही, हे दाव्यापूर्वी वाचून पाहावे.

शासनाच्या मालकीच्या व व्यापारी कामासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीच्या विम्यातून सूट आहे. वाहनाचा विमाच उतरविलेला नसेल, तर काचेचा सारा भार कार्यालयाच्या तरतुदीवर पडतो. यास्तव किरकोळ दुरुस्तीचे जे अधिकार कार्यालय प्रमुखाला आहेत, ते अशा प्रसंगी त्याच आठवड्यात वापरले जाणे इष्ट आहे. शाळेच्या बसबाबत मुख्याध्यापकांनी चालकावर विसंबून न राहता महिन्यातून एकदा स्वतः चालकाच्या आसनावर बसून काचेतून पाहावे, तेही सूर्य समोर असताना. जो टवका बाहेर उभे राहून दिसत नाही, तो तेथून दिसतो.

काच बदलल्यावर चिकटद्रव्य पुरते घट्ट होण्यास वेळ लागतो. कारागीर सांगेल तितका वेळ गाडी जागची हलवू नये. पुढे दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी, म्हणजे दरवाजा लावताना आतील हवेचा दाब नव्या काचेवर येणार नाही. दोन दिवस तरी गाडी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली नेऊ नये, आणि जुने, कडक झालेले वायपरचे रबर नव्या काचेवर चढवू नये.