आत घातलेलं बाहेर कसं काढणार?

खिशात मावणाऱ्या डिजिटल डायरीविषयी जे काही लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक खरेदीच्या आठवड्यातलं असतं. तेव्हा प्रत्येक कळ कौतुकाची असते, आणि शेजाऱ्याच्या वाढदिवसाचीसुद्धा नोंद करावीशी वाटते. नव्याचे नऊ दिवस सरले की यंत्र टेबलाच्या कोपऱ्यात जातं आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. कारण यंत्र जुनं झालं तरी त्यात भरलेला मजकूर जुना होत नाही. विम्याच्या हप्त्याची तारीख, मुदत ठेव पुरी होण्याचा दिवस, गावाकडच्या शेताच्या सातबाऱ्यासाठी ज्याच्याकडे जावं लागतं त्या माणसाचा नंबर, हे सगळं तितकंच कामाचं राहतं. म्हणून अशा साधनाची किंमत त्यात काय काय घालता येतं यावरून करूच नये, असं माझं मत आहे. घातलेलं पुन्हा बाहेर काढता येतं का, यंत्र मेल्यावर आणि मालक हाताशी नसतानाही काढता येतं का, एवढंच पाहावं. हाच निकष आज हातातल्या मोबाइललाही लागू आहे. डिजिटल डायरी नावाची वेगळी वस्तू बाजारातून गेली, पण तिचं काम फोनने घेतलं आणि तिचे दोषही त्याच्याबरोबर आले.

मागचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. नव्वदच्या दशकात कॅसिओची डिजिटल डायरी हे प्रतिष्ठेचं लक्षण होतं. परदेशातल्या नातेवाइकांकडून येणाऱ्या भेटवस्तूंत ती असायची. तिची स्मरणशक्ती ३२ किंवा ६४ किलोबाइट, आणि तीही सर्वस्वी सेलवर अवलंबून. मुख्य सेल वेगळे आणि स्मृती राखणारा सेल वेगळा. दोन्ही एकदम काढले की सगळे नंबर गेले. १९९६ साली पाम पायलट आला. त्याने हे क्षेत्र खरोखर बदललं, कारण तारखा, पत्ते, करायची कामं आणि टिपणं या चार गोष्टी सोडून पाचवीच्या मागे तो फारसा लागला नाही. पण त्याचाही मजकूर सेलच्या जिवावरच होता. सेल बदलायला मिनिटभराची उसंत मिळे, एवढंच. मात्र पामकडे एक उपाय होता: संगणकाला जोडलेल्या पाळण्यात (क्रेडलमध्ये) ठेवून बटण दाबलं की सगळ्या नोंदींची प्रत संगणकावर उतरे. ज्यांनी ही सवय लावून घेतली त्यांना सेलची भीती राहिली नाही. पुढे मात्र यंत्र आणि संगणक यांना जोडणाऱ्या या पुलावरच घाव बसला. जुन्या पाळण्यांना लागणारं सिरियल पोर्ट लॅपटॉपवरून नाहीसं झालं. यूएसबीने जोडायच्या यंत्रांना ६४-बिट विंडोजसाठी कंपनीने ड्रायव्हरच दिला नाही. २०१० मध्ये एचपीने पाम विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ती उपकरणं बंद करण्याचं जाहीर केलं. यंत्र चालू होतं, मजकूर शाबूत होता, फक्त त्याला बाहेर पडायला वाट उरली नव्हती.

या संदर्भात आपल्याच देशातला एक प्रयत्न आठवण्यासारखा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि त्याच शहरातल्या अभियंत्यांनी मिळून केलेला सिंप्युटर २००१ च्या सुमारास पुढे आला आणि २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावाने विक्रीला आला. बाजारात तो टिकला नाही, त्याची कारणं वेगळी आहेत. पण त्यामागची एक कल्पना फार शहाणपणाची होती. यंत्र गावात अनेकांनी मिळून वापरायचं आणि ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या स्मार्टकार्डावर राहायची. यंत्र कुणाचंही असो, माहिती माझ्या खिशात. इतका साधा विचार नंतरच्या महागड्या फोनांनीही क्वचितच केला.

मराठी माणसाची यात दुहेरी पंचाईत झाली. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण हातातल्या यंत्रांवर ती यायला बराच काळ जावा लागला. पामवर लिहायची अक्षरं रोमन होती आणि तीही यंत्राच्या सोयीने थोडी वळवलेली. त्यामुळे नावं रोमनमध्ये शिरली आणि तशीच एका यंत्रातून दुसऱ्यात, तिथून सिमकार्डात आणि शेवटी आजच्या फोनमध्ये येऊन बसली. वानखेडे कधी व्हीने, कधी डब्ल्यूने. वाघमारेंच्या नावात एच कधी आहे, कधी नाही. एकाच माणसाच्या तीन नोंदी असतात, त्यांतले दोन नंबर बंद पडलेले असतात, आणि शोधताना नेमका चालू नंबर सापडत नाही. तारखांचं दुखणं याहून खोल आहे. ‘दरवर्षी याच दिवशी’ ही सोय इंग्रजी तारखेला बांधलेली असते. वडिलांचं श्राद्ध तिथीला असतं. पोळा श्रावण अमावास्येला, आणि नागपुरात दुसऱ्या दिवशी मारबतींची मिरवणूक आणि तान्हा पोळा. अधिक मास आला की सगळं आणखी पुढे सरकतं. एका वर्षी हौसेने भरलेली ही नोंद पुढच्या वर्षी चुकीच्या दिवशी घंटा वाजवते. दोन-तीन चुकीच्या घंटा झाल्या की माणूस बरोबर घंटांकडेही दुर्लक्ष करू लागतो. भिंतीवरचं कालनिर्णय १९७३ पासून घराघरात टिकून आहे याला हेही एक कारण आहे. दरवर्षी ते नव्याने छापलं जातं, आणि दुधाचा खाडा कुणी मांडलाय हे सगळ्या घराला दिसतं.

टिकणारी पद्धत कशी असते हे पाहायचं असेल तर नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या खंडपीठात एक फेरी मारावी. वकिलाचा सगळा धंदा पुढच्या तारखेवर उभा. ती चुकली तर अशिलाचं नुकसान आणि आपली नाचक्की. इतक्या जोखमीची माहिती या मंडळींनी कधी एकाच जागी ठेवली नाही. तारीख वकिलाच्या डायरीत जाते, कारकुनाच्या वहीत जाते, आणि फाइलच्या पाठीवरही लिहिली जाते. २०१७ मध्ये ई-कोर्ट्सचं ॲप आलं. सीएनआर हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक टाकला की प्रकरणाची स्थिती कळते, आणि आपली प्रकरणं एका यादीत जपून ठेवता येतात. ही यादी फोनमध्येच राहते. म्हणून तिची प्रत ‘एक्स्पोर्ट’ करून बाहेर काढण्याची सोयही त्यात दिलेली आहे. सोय आहे, पण ती आपल्यालाच वापरावी लागते. वह्या मात्र हटल्या नाहीत. याला कुणी जुनाटपणा म्हणेल. माझ्या मते हा हिशेबीपणा आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सगळ्यात जोरदार आक्षेप असा की हे सगळं जुनं झालं, आता माहिती क्लाउडमध्ये असते, फोन फुटाळा तलावात पडला तरी नव्या फोनमध्ये सगळं आपोआप येतं. हे पुष्कळसं खरं आहे आणि सेल संपून सगळं पुसलं जाण्याचं दुखणं त्याने बरंच बरं केलं. पण जुळणी (सिंक) वेगळी आणि राखीव प्रत वेगळी. फोनवर पुसलेलं नाव क्लाउडमधूनही पुसलं जातं. गूगलचे संपर्क ३० दिवसांपर्यंत मागे नेता येतात, म्हणजे चूक महिन्यात लक्षात आली पाहिजे. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आणलं. खात्याला जोडलेला जुना मोबाइल नंबर बंद झाला असेल तर ओटीपी कुठे येणार? आणि सेवाच बंद होते, हेही विसरू नये. कामांची यादी ठेवणारं वंडरलिस्ट लोकांच्या अंगवळणी पडलं होतं, मायक्रोसॉफ्टने ते मे २०२० मध्ये बंद केलं. त्यांनी माहिती बाहेर काढायला मुदत दिली होती. दरवेळी कुणी देईलच असं नाही. शिवाय यंत्राचं शरीरही असतंच. ॲपल आपल्या फोनसाठी, बंद ठेवला तरी, ४५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतं. मे महिन्यातल्या दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किती असेल याचा अंदाज नागपूरकराला वेगळा सांगायला नको.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: माहिती इतकी बाहेर काढता येऊ लागली तर ती चोरालाही मिळेल. म्हणून कुलूप हवंच. पण कुलपाची किल्ली घरात आणखी कुणाकडे आहे का, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. पूर्वी कपाटातल्या खणात एक वही असायची. त्यात एलआयसीचे पॉलिसी क्रमांक, बँकेतल्या ठेवी, घरपट्टीच्या पावतीचा क्रमांक, कुणाकडून किती येणं आहे, असं सगळं. घरातला कर्ता माणूस अचानक गेला तर ती वही उघडता यायची. आज तीच माहिती बोटाच्या ठशामागे आहे, आणि बोट गेलं की माहिती गेली. यावर उपाय आहेत. गूगलने २०१३ पासून निष्क्रिय खात्याची व्यवस्था ठरवून ठेवण्याची सोय दिली आहे. ॲपलने २०२१ च्या अखेरीस वारस संपर्क नेमण्याची सोय आणली. दोन्ही सोयी हयातीत आणि शुद्धीत असतानाच करून ठेवाव्या लागतात. त्या केल्या तरी बँकेच्या पिनचं, पासवर्डचं टिपण साध्या नोट्समध्ये ठेवू नये, आणि आधारचा फोटो गॅलरीत लोळत ठेवू नये. कोणत्या बँकेत, कोणत्या शाखेत, कुणाला नॉमिनी केलंय, एवढी माहिती कागदावर पुरते. त्यातून चोराला काही मिळत नाही आणि घरच्यांना सगळं मिळतं.

तिसरा आक्षेप शिस्तीचा. दोष यंत्राचा नाही, नोंद न ठेवणाऱ्याचा आहे, असं म्हणणारे असतात. मला हे पटत नाही. रोज नियमाने वागणाऱ्या माणसाला कुठलीही वही पुरते. साधन पारखायचं ते कंटाळलेल्या, थकलेल्या, महिनाभर लग्नसराईत अडकलेल्या माणसाच्या हाती देऊन. पाम पायलट बनवणाऱ्या जेफ हॉकिन्स यांनी यंत्र तयार होण्याआधी त्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा खिशात बाळगला होता आणि नोंद करायची वेळ आली की ते तो ठोकळा बाहेर काढत. खरंच काढावासा वाटतो का, हे त्यांना पाहायचं होतं. नवं ॲप किंवा नवा फोन घेण्याआधी हे आपणही करावं. छोटी वही महिनाभर खिशात ठेवा, त्यात जे खरोखर लिहिलं गेलं तेवढंच यंत्रात घाला. बाकीचं घालून उपयोग नसतो, फक्त पुढे गाळत बसावं लागतं.

कागदही भिजतो, हरवतो, त्यात शोधता येत नाही आणि तो पहाटे पाचला उठवत नाही, हे मान्य. म्हणून यंत्र टाकून द्या असं मी म्हणत नाही. वेळेची आठवण यंत्राला द्या, त्यात ते हुशार आहे. तिथीचे दिवस दरवर्षी गुढीपाडव्याला पंचांग पाहून नव्याने भरा. नावं देवनागरीत लिहा, आता ती येतात. तीन महिन्यांतून एकदा फोनमधले संपर्क ‘एक्स्पोर्ट’ करून त्यांची फाइल संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवा. अत्यावश्यक नंबर, ठेवी आणि विमा यांचं एक पान छापून कपाटात ठेवा. मग एखाद्या रविवारी घरातल्या दुसऱ्या माणसाला, तुमचा फोन हाती न देता, ती फाइल आणि ते पान शोधून उघडून दाखवायला सांगा. त्यांना ते जमलं नाही, तर अजून काहीच बाहेर आलेलं नाही असं समजा आणि त्याच दिवशी पुन्हा बसा.