आधी रक्त, मग ऑक्सिजन

वैशाखातली पंचक्रोशी बाबा अनवाणीच करत आले. उज्जैनभोवतीचं ते ११८ किलोमीटरचं चालणं आमच्या घरात व्रतच. पण मधुमेहाने तळव्यांची जाणीव गेलेली. तापलेल्या डांबराने अंगठ्याखाली फोड आला तो त्यांना कळलाच नाही. चादरीवर डाग पाहून आईने पाय उलटा करून बघितला.

जखम काही केल्या भरेना. एका केंद्राने पट्टीही न सोडता ऑक्सिजन चेंबरच्या चाळीस बैठकांचं पॅकेज पुढे केलं, निम्मे पैसे आगाऊ. त्याचा मला आजही संताप येतो. इंदूरला रक्तवाहिन्यांच्या सर्जनांनी आधी पायाची नाडी चाचपली. लागेना. रक्तप्रवाह बघणाऱ्या डॉपलर तपासणीत गुडघ्याखालची वाहिनी जवळजवळ बंद निघाली. "चेंबरमधला ऑक्सिजन पायापर्यंत नेणार रक्तच ना?" ते म्हणाले. मग अँजिओप्लास्टी झाली, सडलेला भाग काढला, पायावरचा भार उतरवला. हाडापर्यंत गेलेल्या संसर्गासाठी अँटिबायोटिक्स सुरू ठेवून चेंबर त्यानंतर.

चेंबरमध्ये वातावरणाच्या दोन ते अडीच पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन साधारण दीड-दोन तास घ्यायचा असतो. तो रक्तद्रवातही विरघळतो आणि ऑक्सिजनला आसुसलेल्या पेशींना मिळतो. गुण येतो, पण सगळ्यांना नाही. २०१० च्या स्वीडनमधल्या चाचणीत वर्षभराने ५२ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, नुसत्या दाबाच्या हवेत बसलेल्यांच्या २९ टक्के. २०१८ च्या डच चाचणीत मात्र पाय वाचण्यात ठोस फरक दिसला नाही. म्हणून पैसे भरण्याआधी नाडी, डॉपलर, साखर, एक्स-रे झाले का, हे विचारा. फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठली असेल तर चेंबर जिवावर बेततं. कानाला दडे बसतात, साखर एकदम उतरते. बाबांची दर वेळी आत जाण्याआधी तपासत. कमी दाबाचे फुगवायचे मऊ चेंबर म्हणजे हा उपचार नव्हे.

आगीचं मात्र मनावर घ्याच. मिलानमध्ये १९९७ साली चेंबरला आग लागून अकरा जण गेले, २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात पाच वर्षांचा मुलगा. आत जाताना अंगावर फक्त केंद्राचे सुती कपडे हवेत. मोबाइल, लायटर, हात गरम करायची पिशवी, केसांचं तेल काही नको. बाबांचं तेल लावलेलं डोकं पाहून तंत्रज्ञाने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. रुसले होते. त्या तंत्रज्ञाचे मी आजही आभार मानते.

उज्जैनच्या येत्या सिंहस्थाला, २०२८ मध्ये, घरातले मधुमेही घाटावर जाणारच. तळवे रोज रात्री उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. चालताना चप्पल नको, मऊ तळाचे बंद बूट आणि सुती मोजे.