कडेवर भाऊ असलेली मुलगी

आपले लहान मूल विशेष बुद्धीचे आहे हे ओळखावे कसे, असे आईबाप आम्हांस वारंवार पुसतात. पाहुण्यांसमोर घडाघडा कविता म्हणते ते मूल हुशार, असा बहुतेकांचा समज. ती स्मरणशक्ती होय. गोष्ट चांगली, पण तेवढ्यावर निर्णय करू नये.

मागे उरण तालुक्यातील जासई येथे आम्ही एका घरी ओटीवर बसलो होतो. सुमारे सहा वर्षांची मुलगी, तान्ह्या भावास कडेवर सांभाळीत, एका हाताने चिंचोक्यांच्या ओळी मांडीत होती. सहांच्या, आठांच्या, नवांच्या सारख्या ओळी लागल्या. सातांच्या काही केल्या लागेनात. तिने पुन्हा पुन्हा मोडून मांडिले व शेवटी ती ओरडली, "आजे, सात सारखे बसतच नाय!" आजी म्हणाली, "पुरे गो, पोर रडतंय."

अविभाज्य संख्येचा धडा वरच्या इयत्तेत शिकवितात. त्याच्या उंबरठ्यावर ती बालिका आपली आपण पोहोचली होती, आणि घरात तिची ख्याती मात्र 'हट्टी' अशी! एकाच गोष्टीत दीर्घ काळ रमणे, तोच प्रश्न फिरवून विचारणे, वडीलधाऱ्यांची चूक धरणे, ही लक्षणे आम्ही अधिक मोलाची मानतो. नेमकी त्यांसाठीच मुले मार खातात.

बुद्धिमान मुलांकरिता १९६२ साली पुण्यास डॉ. वि. वि. पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापिली. परंतु खेड्यातील बालकापर्यंत आधी कोणी जावे? ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे याचे उत्तर दिले. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ती हीच. महाग साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे घेतले. पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविली. कारण थोरल्या बहिणी भावंडे सांभाळण्यात अडकून पडतात, हे त्यांनी पाहिले होते.

जासईच्या त्या आजीस आम्ही एवढेच सुचविले की, रोज तासभर नातवास तुम्ही घ्यावे, चिंचोके फेकू नयेत, उत्तर सांगू नये. 'अकरांचे काय होते गो?' इतकेच विचारावे. अंगणवाडीच्या बाईंसही त्या ओळी दाखवाव्या. चारचौघांत फार शाबासकी मात्र देऊ नये. मूल मग शोधणे सोडून दाखविण्याच्या मागे लागते. आजी हसली. पोर आम्ही मांडीवर घेतले, तो ते अधिकच रडू लागले. मुलीचे तिकडे लक्ष नव्हते. ती अकरावा चिंचोका शोधीत होती.