ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक: एक मशीन की दोन?

नामपूरसारख्या गावात शिलाईकाम म्हणजे ब्लाउज, फॉल-पिको आणि शाळेचे गणवेश, असं वर्षानुवर्षं होतं. आता त्यात ताणणारं कापड आलंय. लेगिंग, ट्रॅक पँट, लहान मुलांचे टी-शर्ट, बायकांचे नाइट सूट. तयार माल मालेगावला, सटाण्याला ढिगाने मिळतो, पण तो अंगाला बसेलच असं नाही. लेगिंग कंबरेला बसली तर पोटरीला घट्ट होते, टी-शर्ट खांद्याला बसला तर गुडघ्यापर्यंत लोंबतो. मग तो आमच्याकडे येतो. "मावशी, चार बोटं कमी करा, पण खालची शिलाई कंपनीसारखीच दिसली पाहिजे." ही कंपनीसारखी शिलाई, म्हणजे वरून दोन समांतर रेषा आणि आतून जाळी, साध्या मशीनवर निघत नाही. उन्हाळ कांद्याचे पैसे हातात आले की आमच्या भागातल्या बऱ्याच मुली शिलाईच्या नव्या मशीनचा विचार करतात, आणि मला विचारतात, "दोन्ही कामं करणारं एकच मशीन मिळतं म्हणे. तेच घेऊ का?"

मी ते एकत्र मशीनही वापरलंय आणि वेगवेगळी दोनही वापरते आहे. कुणी विचारलं की सांगते ते इथे सविस्तर लिहिते, कारण हा खर्च आमच्यासारख्या घरांत एकदाच होतो.

आधी दोन्ही मशीनचं काम समजून घेऊ. ओव्हरलॉक सुरीने कापडाची कड कापतं आणि त्याच फेरीत ती धाग्याने गुंडाळून दोन तुकडे जोडतं. वर सुया, खाली दोन लूपर. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या मेरो कंपनीत १८८१ च्या सुमारास असं मशीन तयार झालं. फ्लॅटलॉकला, ज्याला काही दुकानांत कव्हर स्टिच म्हणतात, सुरी नसते. वर दोन किंवा तीन सुया आणि खाली एकच लूपर. सुरी नसल्यामुळे ते कापडाच्या मधोमधही चालतं, म्हणून दुमड घालायला तेच लागतं. त्याची शिलाई कापडाबरोबर ताणली जाते. साध्या मशीनने घातलेली दुमड डोक्यातून टी-शर्ट काढताना कडकन तुटते, ती याच कारणाने.

दुकानात गेल्यावर सगळ्यात मोठा घोळ धाग्यांच्या संख्येचा होतो. "पाच धाग्यांचं आहे, सगळं करतं," असं सांगितलं जातं. कारखान्यातलं पाच धाग्यांचं ओव्हरलॉक म्हणजे तीन धाग्यांची कड आणि शेजारी दोन धाग्यांची साखळी शिलाई. जीन्सला, शर्टाच्या बाजूला ते उत्तम. टी-शर्टची दुमड त्यावर होत नाही. घरगुती एकत्र मशीनच्या खोक्यावरही पाच धागे लिहिलेले असतात, पण तिथे अर्थ वेगळा असतो. म्हणून नावावर आणि धाग्यांवर जाऊ नका, टाक्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक विचारा. तीन धाग्यांच्या ओव्हरलॉकचा ५०४, चार धाग्यांचा ५१४, पाच धाग्यांचा ५१६. दोन सुयांच्या फ्लॅटलॉकचा ४०६ आणि तीन सुयांच्या फ्लॅटलॉकचा ४०७. हे आकडे कागदावर लिहून न्या. माहितीपत्रकात ४०६ नसेल तर ते मशीन तुमची दुमड घालणार नाही, विकणारा काहीही सांगो.

माझ्याकडचं एकत्र मशीन नणंदेचं होतं. ती न्यू जर्सीहून कायमची परत आली तेव्हा सामानाबरोबर ते आलं, आणि "वहिनी, तुझ्याकडेच ते नीट चालेल," म्हणून तिने ते मला दिलं. पहिली अडचण विजेची. तिकडचं मशीन १२० व्होल्टचं, आपली वीज २३० व्होल्टची. सरळ प्लग लावला असता तर मोटर जळाली असती. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये बसवावा लागला, तोही मशीनच्या वॉटपेक्षा बऱ्यापैकी जास्त क्षमतेचा. परदेशातून नातेवाईक मशीन पाठवतो म्हणाले तर मागची पट्टी आधी वाचून घ्या, आणि त्याच्या सुया इथे मिळतात का हेही विचारा. काही एकत्र मशीनना साध्या घरगुती सुया चालतात, काहींना वेगळ्या जातीच्या लागतात.

मशीन मात्र सुरेख होतं. ओव्हरलॉक अगदी स्वच्छ पडायचं, दुमड घातली तर तयार कपड्याहून सरस. नणंद त्यावर तिच्या मुलांचे कपडे सुट्टीच्या दिवशी शिवायची. आज सगळ्या कडा, पुढच्या रविवारी सगळ्या दुमडी. छोटं घर, एकच टेबल, घाई नाही. तिच्या जागी ते मशीन बरोबरच होतं आणि आजही अशा घरांना मी तेच सुचवीन.

माझ्याकडे मात्र गिऱ्हाईक दारात उभं असतं. टी-शर्ट शिवायचा क्रम पाहा. खांदे जोडायचे: ओव्हरलॉक. गळ्याला रिबची पट्टी: ओव्हरलॉक. त्या पट्टीखाली वरून बसवणारी शिलाई: फ्लॅटलॉक. बाही लावायची आणि बाजू मारायची: पुन्हा ओव्हरलॉक. बाहीची आणि खालची दुमड: पुन्हा फ्लॅटलॉक. एका कपड्यात काम तीनदा बदलतं. एकत्र मशीनवर प्रत्येक बदलात सुरी खाली घ्यायची, वरचा लूपर बंद करायचा, सुया मागच्या जागेवरून काढून पुढच्या जागेत लावायच्या, झाकणपट्टी बदलायची, काही मशीनमध्ये पायही बदलायचा, धागे नव्याने ओवायचे आणि ताण नव्याने बसवायचा. एखादी सुई जुन्या जागी राहिली तर ती लूपरवर आदळते. सुई तुटते, आणि नशीब वाईट असेल तर लूपरचं टोकही बोथट होतं.

हे सगळं हाताला बसतं. वेळ तर जातोच, त्याहून मला भारी पडलं ते टाक्याचं बिघडणं. ताणाची चकती परत त्याच आकड्यावर आणली तरी टाका आधीसारखा पडेलच याचा भरवसा नाही. धागा चकतीत नीट बसला नाही, कापडाची जाडी बदलली, की शिवण उघडी पडते. कबड्डीच्या मुलांच्या जर्सीच्या कामात मला हे ठळक दिसलं. बाजू मारताना चार धाग्यांचा टाका पक्का होता. दुमडी घालून परत ओव्हरलॉकवर आले तेव्हा पुढच्या जर्सीच्या बाजूला ताणलं की शिवणीतून आतले धागे शिडीसारखे दिसायला लागले. तेव्हापासून प्रत्येक बदलानंतर त्याच कापडाच्या चिंधीवर वीतभर शिवून, दोन्ही हातांनी ताणून बघितल्याशिवाय कपड्याला हात लावत नाही. यावर उपाय एकच: काम गठ्ठ्याने करायचं. दहा टी-शर्टचे खांदे आणि गळे एकदम, मग दहांच्या गळ्याची वरची शिलाई, मग दहांच्या बाजू. पण गावात दहा सारखे टी-शर्ट एकदम क्वचित येतात. एक ट्रॅक पँट, दोन लेगिंग, एका टी-शर्टची लांबी कमी करायची, असं फुटकळ काम येतं आणि संध्याकाळच्या एसटीने न्यायचं असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शिलाईवर जिचं घर चालतं तिने दोन वेगळी मशीन घ्यावीत, आणि दोन्ही एकदम घेऊ नयेत. पहिलं चार धाग्यांचं ओव्हरलॉक. ते ब्लाउजला, पंजाबी ड्रेसला, गणवेशाला, सगळ्याला लागतं. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली आणि पुढच्या वर्षी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. अशी कामं येतात-जातात, पण न ताणणाऱ्या कापडाच्या शर्ट-पँटला फ्लॅटलॉकची गरजच नसते. गणवेशाच्या भरवशावर फ्लॅटलॉक घेऊ नका. हौजरीचं काम वर्षभर येतंय, दुमडीसाठी कपडे बाहेर पाठवावे लागताहेत, असं दिसलं की मग घ्या. तोवर एखाद्या झिगझॅग मशीनवर जोड-सुईने दुमड घालून भागवता येतं. ती फार ताणली तर खालचा बॉबिनचा धागा तुटतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं.

फ्लॅटलॉक घेताना त्याचा पलंग बघा. सपाट पलंगाचं मशीन स्वस्त पडतं आणि खालच्या मोठ्या घेरासाठी चांगलं, पण लहान मुलाची बाही त्यात घालता येत नाही. मग बाहीची दुमड बाजू मारण्याआधीच घालावी लागते आणि काखेखाली दुमडीवर जोड दिसतो. गोल, नळीसारख्या पलंगाचं मशीन बाही, लेगिंगचा पाय सगळं ओवून घेतं. आमच्याकडचं निम्मं काम लहान मुलांचं, त्यामुळे माझा कौल नळीच्या पलंगाला आहे, जास्त पैसे पडले तरी.

घरगुती की कारखान्याचं, हाही प्रश्न येतो. घरगुती मशीन मिनिटाला साधारण १,३०० ते १,५०० टाके घालतं, कारखान्याचं ५,००० च्या पुढे जातं. एवढा वेग आपल्याला लागत नाही. पण कारखान्याच्या मशीनचे सुटे भाग, सुया आणि दुरुस्ती करणारा माणूस नाशिककडे सहज सापडतो, घरगुती एकत्र मशीनचा एखादा लूपर मात्र कंपनीकडून मागवावा लागतो आणि तोवर काम बंद. मोटर सर्व्होच घ्या. जुन्या क्लच मोटरीत मशीन थांबलं तरी मोटर फिरत राहते. वीजही खाते, आवाजही करते. सर्व्हो पाय दाबला तरच फिरते आणि वेग कमी ठेवता येतो, नव्याने शिकणारीला ते फार सोयीचं. आमच्याकडे शेतीपंपांची वेळ असली की व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून स्टॅबिलायझरचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा.

पैशाची सोय म्हणून पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी जरूर करा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज, आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत. १५,००० त फ्लॅटलॉक येत नाही, पण ओव्हरलॉकच्या किमतीला मोठा हातभार लागतो.

जुनं मशीन बघायला जाताना दुकानदाराच्या चिंधीवर विश्वास ठेवू नका. ती जाड, कडक आणि एकसारखी असते, तिच्यावर कुठलंही मशीन छान चालतं. आपलं पातळ सिंकर, रिब आणि चार बाजूंनी ताणणारं लायक्रा न्या. दोन तुकडे ओव्हरलॉकने जोडून, त्या जोडावर आडवी दुमड घालायला सांगा. जिथे कापडाचे बरेच थर एकत्र येतात तिथेच फ्लॅटलॉक टाका सोडतं. मशीन सावकाश चालवूनही तिथे टाका सुटत असेल तर लूपरची वेळ बिघडलेली आहे किंवा सुई चुकीची आहे. नवी सुई लावायला सांगा, तरी सुटला तर उठून या. ओव्हरलॉकचं तेल दाखवणारं भिंग पाहा, आतलं तेल काळं पडलेलं असेल तर मशीनची निगा राखलेली नाही.

आणि शिलाई संपते तिथे लूपरचा धागा ओढून बघा. फ्लॅटलॉकची शिलाई शेवट बांधला नाही तर एका ओढीत सगळी उसवते. तो मशीनचा दोष नाही, ती तिची रीतच आहे. सुरुवातीच्या टाक्यांवर बोटभर पुढे जाऊन थांबायचं, सुयांचे धागे मागच्या बाजूला ओढून गाठ मारायची. हे शिकवायला दुकानदार तयार असेल, तर त्याच्याकडूनच मशीन घ्या.