आरोपीचं वकीलपत्र घेताना

बाळ, सनद मिळाली, काळा कोट अंगावर चढला. आता पिंपरीच्या नाहीतर खेडच्या कोर्टात तुला जो तो विचारेल, "गुन्हेगारांची बाजू कशाला घेता?" त्याला कामातून उत्तर दे. गुन्हा शाबीत करायची जबाबदारी सरकार पक्षाची. ती चोख पार पडते की नाही, हे बघायला समोर आपण उभे असतो. आपण ढिले पडलो, तर निर्दोष आत जातो आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरतो. म्हणून या काही गोष्टी गाठीला बांधून ठेव.

पहिला रिमांड चुकवू नकोस. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत आरोपी मॅजिस्ट्रेटसमोर आला पाहिजे. कागदावरची अटकेची वेळ आणि घरच्यांनी सांगितलेली उचलल्याची वेळ शेजारी शेजारी लिहून बघ. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, ताबडतोब जमलं नाही तर रिमांडला हजर करण्याआधी किमान दोन तास तरी द्यायची, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीतल्या एका अपघाताच्या प्रकरणात सांगितलं आहे. महाळुंगे-निघोज्यात खोली करून राहणारा बिहार-ओडिशाचा पोरगा मराठी कागदावर मुकाट सही करतो. त्याला त्याच्या भाषेत विचार, "यात काय लिहिलंय?" सांगता आलं नाही, तर ते कोर्टाच्या कानावर घाल आणि लेखी अर्जातही घे.

कंपनीचं गेट विसरू नकोस. "मी सेकंड शिफ्टला होतो" असं अशील म्हणाला, की लगेच कामाला लाग. पंचिंग, गेटची नोंद, ठेकेदाराचं मस्टर, कंपनीच्या बसचा रूट, गेटवरचा कॅमेरा हे सगळं तपास. कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं. म्हणून त्याच आठवड्यात कंपनीला लेखी पत्र दे, आणि दाद लागली नाही तर ते जपून हजर करण्याच्या आदेशासाठी कोर्टात अर्ज टाक. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत घ्यायला विसरू नकोस, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. आणि पंचिंगवरून तो लवकर बाहेर पडल्याचं दिसलं, तर खोटा बचाव उभा करू नकोस. खोटा बचाव अशिलालाच बुडवतो.

आरोपपत्रात नसलेलंही वाच. पंचनाम्याची वेळ फिर्यादीच्या आधीची आहे का? तीन साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द सारखे आहेत का? कोयता जप्त केला, पण सील केल्याची नोंद आहे का? २००३ सालच्या नाशिक जिल्ह्यातल्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा ठोठावली. त्याच कोर्टाने ५ मार्च २०१९ ला सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. जखमी साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. हे उघड होईपर्यंत सहा जणांची सोळा वर्षं गेली. फाईल उलटताना हा खटला रोज आठव.

जामिनाच्या हुकुमावर समाधान मानू नकोस. जामीन मंजूर होतो, पण स्थानिक जामीनदार नाही, सातबारा नाही, म्हणून परप्रांतीय कामगार येरवडा तुरुंगातच राहतो. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून भाऊ नाकारला गेला. सुप्रीम कोर्टाने हे चुकीचं ठरवून त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. हा निकाल बॅगेत ठेव आणि जातमुचलका आग्रहाने माग. कोर्टाबाहेरच्या भाडोत्री जामीनदाराच्या सावलीलाही जाऊ नकोस. ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या कारणावरून जामिनाचा अर्ज टाक. पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ त्याच्या बाजूने उभं राहतं. जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांना मात्र ते लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असले तरीही नाही.

मोक्क्याला, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याला, घाबरू नकोस, हलकंही घेऊ नकोस. भंगाराच्या आणि लेबरच्या ठेक्यांवरून आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात खंडणीचा त्रास आहे, कोयत्याची दहशतही खरी आहे. पण भाईच्या मागे रीलमध्ये उभा राहिलेला प्रत्येक पोरगा टोळीतला नसतो. टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं आहेत का, कोर्टाने त्यांची दखल घेतली आहे का, आणि या पोराचा त्या टोळीशी संबंध कशावरून, हे तिन्ही प्रश्न विचार.

फिर्यादीची अब्रू काढू नकोस. उलटतपास घटनेचा घ्यायचा, बाईच्या कपड्यांचा किंवा चारित्र्याचा नाही. तिचं नुकसान झालंय, हे मनात ठेवूनही तिचा जबाब तपासता येतो.

तारीख पडली तर घरच्यांना कारण सांग. ती माणसं एका दिवसाची हजेरी बुडवून आलेली असतात. आज काय झालं, पुढे काय होणार, किती वेळ लागेल, हे दोन वाक्यांत सांग आणि पुढची तारीख लिहून दे. फी देता येत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठव. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, तो त्याचा हक्क आहे. हक्क सांगितल्याबद्दल पैसे घ्यायचे नसतात.