खाऱ्या मत्स्यपेटीतील मिठाचा हिशेब

काही वर्षांपूर्वी कोकणातील एका शाळेत विज्ञान मंडळाच्या मुलांनी समुद्राच्या पाण्याची एक लहान मत्स्यपेटी तयार केली. मंडळाचा मार्गदर्शक मीच होतो. पेटीत खडकाच्या खळग्यातून आणलेले एक समुद्रपुष्प, शंखात राहणारे दोन खेकडे आणि चार लहान मासे होते. पाण्याची पातळी कळावी म्हणून काचेवर तांबडी रेघ ओढली होती. पाणी आटून रेघेखाली गेले, की मुले किनाऱ्यावरून स्वच्छ पाण्याचा डबा भरून आणीत आणि पेटी पुन्हा रेघेपर्यंत भरीत. यात एकदाही हयगय झाली नाही. तरीही महिनाभरात समुद्रपुष्प आक्रसून गेले आणि काही दिवसांतच मेले. एक खेकडाही दगावला.

चूक मुलांची नव्हती. "समुद्रातल्या प्राण्यांना समुद्राचेच पाणी घाला," असे मीच त्यांना सांगितले होते. ऐकायला हे अगदी बरोबर वाटते. मग बिघडले कोठे?

पाणी जाते, मीठ राहते

वसई, उरण या बाजूला तुम्ही मिठागरे पाहिली असतील. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात. ऊन आणि वारा यांमुळे पाण्याची वाफ होऊन जाते आणि वाफ्यात मीठ उरते. बाष्पीभवनात फक्त पाण्याचे रेणू हवेत जातात. क्षार जात नाहीत. उघडी मत्स्यपेटी म्हणजे एक छोटे मिठागरच होय. फरक एवढाच, की मिठागरात जे आपल्याला हवे असते, तेच येथे टाळायचे असते.

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. 'चॅलेंजर' या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांची पाहणी केली. त्या वेळी आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले व ते १८८४ साली प्रसिद्ध झाले. क्षारांचे एकूण प्रमाण ठिकठिकाणी कमीजास्त असले, तरी मुख्य क्षारांचे आपसांतील प्रमाण जवळजवळ सारखेच असते, असे त्यातून स्पष्ट झाले. पेटीतले पाणी आटते तेव्हाही हेच घडते. क्षार तेच व तेवढेच राहतात, कमी होते ते फक्त पाणी. म्हणून जे गेले तेच परत द्यायचे, म्हणजे गोडे पाणी.

आकडेमोड करून पाहू

समजा, पेटी ६० सें.मी. लांब व ३० सें.मी. रुंद आहे आणि पाण्याची खोली ३० सें.मी. आहे. पाण्याचे आकारमान ६० × ३० × ३० = ५४,००० घन सें.मी., म्हणजे ५४ लिटर. सोयीसाठी लिटरला ३५ ग्रॅम क्षार धरले, तर पेटीत एकूण १८९० ग्रॅम क्षार आहेत.

रोज पाच मिलिमीटर पाणी आटते असे धरू. म्हणजे दिवसाला ९०० घन सें.मी. आणि दहा दिवसांत ९ लिटर पाणी गेले. उरलेल्या ४५ लिटरमध्ये क्षार मात्र १८९० ग्रॅमच आहेत. १८९० ला ४५ ने भागा. क्षारता लिटरला ४२ ग्रॅम झाली!

आता हे ९ लिटर समुद्राच्या पाण्याने भरून काढले, तर त्याबरोबर ९ × ३५ = ३१५ ग्रॅम नवे क्षार पेटीत येतात. दर दहा दिवसांनी असे केल्यास पेटी भरल्यानंतरची स्थिती पाहा :

पहिल्या भरणीनंतर : २२०५ ग्रॅम क्षार, लिटरला सुमारे ४०.८ ग्रॅम
दुसऱ्या भरणीनंतर : २५२० ग्रॅम क्षार, लिटरला सुमारे ४६.७ ग्रॅम
तिसऱ्या भरणीनंतर : २८३५ ग्रॅम क्षार, लिटरला ५२.५ ग्रॅम

पाण्याची पातळी प्रत्येक वेळी बरोबर तांबड्या रेघेवर होती. पण एका महिन्यात क्षार दीडपट झाले. आमच्या पेटीत हेच झाले होते. रेघ पाणी किती आहे ते सांगते, ते किती खारे आहे हे सांगत नाही.

लहान पेटी अधिक नाजूक का?

पृष्ठभाग मोठा असला, की बाष्पीभवन जास्त होते, हे तुम्ही शिकला आहात. पण रोज एकूण पाण्याचा कितवा भाग आटतो, ते काढून पाहा. आटलेले पाणी = लांबी × रुंदी × आटलेली खोली. एकूण पाणी = लांबी × रुंदी × एकूण खोली. भागाकार करताना लांबी व रुंदी दोन्ही निघून जातात! उरतो तो फक्त खोलीचा प्रश्न. आपल्या पेटीत दिवसाला साठावा भाग आटतो. पाणी १५ सें.मी. खोल असेल, तर तिसावा भाग आटेल. म्हणून उथळ भांड्यात क्षारता झपाट्याने वाढते. पेटीतले दगड व वाळू जागा अडवतात, त्यामुळे पाणी हिशेबापेक्षा कमी असते, हेही विसरू नका.

प्राण्यांवर काय परिणाम होतो?

समुद्रातील सामान्य माशांच्या रक्तातील क्षारता समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश असते. परासरणामुळे त्यांच्या शरीरातील पाणी सतत बाहेर जात असते. ते भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. क्षारता वाढली की हे काम वाढते. समुद्रपुष्प किंवा तारामासा यांच्याजवळ तर अशी सोयच नसते. त्यांच्या शरीरातील द्रवाची तीव्रता भोवतालच्या पाण्याइतकीच असते. बाहेरचे पाणी अधिक खारे झाले, की शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते व प्राणी आक्रसतो. शिवाय अधिक खाऱ्या पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो.

कोणते पाणी, केव्हा आणि कसे?

ऊर्ध्वपातित पाणी सर्वांत चांगले. रिव्हर्स ऑस्मोसिस पद्धतीने शुद्ध केलेले पाणीही चालते. विहिरीच्या व नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतातच. रोज भर घातली तर तेही साठत जातात. पाणी उकळून जंतू मरतात, पण विरघळलेले बहुतेक क्षार तसेच राहतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक असतो. तांब्याच्या भांड्यातील पाणी मुळीच घालू नये, कारण तांब्याचा अल्पसा अंशही समुद्रपुष्पासारख्या प्राण्यांना विषारी ठरतो.

भर रोज घालावी. दहा दिवसांनी ९ लिटर गोडे पाणी एकदम ओतले, तर क्षारता ४२ वरून ३५ वर धाडकन उतरेल. तो धक्काही वाईटच. रोज ९०० घन सें.मी. घातले, तर क्षारता ३५ आणि ३५.६ यांच्या दरम्यानच राहते. गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगते, म्हणून ते हवेचे बुडबुडे येतात तेथे सावकाश ओतावे; प्राण्यांच्या अंगावर ओतू नये.

आठवड्यातून एकदा, भर घालून पाणी नीट मिसळल्यावर, हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व पाहावे. २५ अंश सेल्सियसला ते सुमारे १.०२६ असावे. क्षारता आधीच वाढली असेल, तर पेटीतील थोडे पाणी काढून तितकेच गोडे पाणी घालावे आणि असे करीत काही दिवसांत ती हळूहळू उतरवावी.

सुटीच्या दिवशी काय करायचे? कोंबड्यांना पाणी पाजण्याचे भांडे तुम्ही पाहिले असेल. गोड्या पाण्याची बाटली तशीच उलटी करून, तिचे तोंड बरोबर रेघेवर येईल अशी पक्की बसवा. पातळी उतरून तोंड उघडे पडले, की हवा आत शिरते व पाणी बाहेर येते. तोंड बुडले, की बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला थोपवतो. अनेक पेट्यांना तरंगत्या गोळ्याची तोटी किंवा विजेवर चालणारा पंप लावतात. साधन कोणतेही असो, साठ्याचे भांडे लहान ठेवा. साधन बिघडून दोन लिटर पाणी एकदम पडले, तरी क्षारता १८९० ÷ ५६, म्हणजे सुमारे ३३.८ होईल. तेच भांडे वीस लिटरचे असेल, तर केवढा अनर्थ होईल!

पेटी झाकली तर?

काचेच्या झाकणाने बाष्पीभवन कमी होते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. एक ग्रॅम पाण्याची ३० अंशांच्या आसपास वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. रोज ९०० ग्रॅम पाणी आटताना सुमारे ५,२२,००० कॅलरी उष्णता खर्च होते. म्हणजे जवळजवळ २५ वॅटचा दिवा रात्रंदिवस जेवढी उष्णता देईल, तेवढी बाष्पीभवनाने पेटीतून निघून जाते. झाकण घातले, की ही थंडाई कमी होते. म्हणून कडक उन्हाळ्यात पेटी थोडी उघडी ठेवून भर जास्त घालणे बरे. थंडीत झाकण सोयीचे.

करून पाहा

दोन सारख्या रुंद तोंडाच्या बरण्या घ्या. प्रत्येकीत ३५ ग्रॅम मीठ विरघळवून एक लिटर द्रावण करा व पातळीची खूण करा. 'अ' बरणीत रोज खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी घाला. 'ब' बरणीत त्याच तीव्रतेचे मिठाचे पाणी मोजून घाला व वहीत नोंद ठेवा. महिन्यानंतर प्रत्येक बरणीतील १०० मिलिलिटर द्रावण शिक्षकांच्या देखरेखीखाली मंद आचेवर आटवा आणि उरलेल्या मिठाचे वजन करा. 'ब' मधील मीठ किती भरेल, हे नोंदींवरून आधीच काढून ठेवा.

स्वाध्याय

१. 'ब' बरणीत महिन्याभरात ३०० मिलिलिटर मिठाचे पाणी घातले, तर १०० मिलिलिटरमागे किती मीठ मिळेल?
२. पेटीच्या काठावर मिठाची पांढरी पुटे दिसतात. ती पुसून टाकत राहिल्यास क्षारतेवर काय परिणाम होईल?
३. तुमच्या गावी मे आणि जुलै या महिन्यांत बाष्पीभवन सारखेच होईल का? बशीत पाणी ठेवून मोजा.

आमच्या शाळेतील पेटी पुढे पुन्हा भरली गेली. तांबडी रेघ तशीच राहिली, पण तिच्या शेजारी एक वही टांगली गेली. तीत रोज किती गोडे पाणी घातले आणि दर शनिवारी विशिष्ट गुरुत्व किती आले, हे मुले लिहू लागली.